लाट, फळी आणि वल्हें

गेल्या मे महिन्यांत आमच्या वरच्या वर्गांतील चार विद्यार्थी एक चित्र दाखविण्यासाठीं आमच्याकडे आले. मोबाइलच्या लहानशा पडद्यावर एक मनुष्य घराहून उंच अशा लाटेच्या उतारावरून, एका अरुंद फळीवर उभा राहून, हातांतील लांब वल्ह्यानें तोल सांवरीत खालीं येत होता. विद्यार्थ्यांचा प्रश्न अगदीं सरळ होता. "सर, पावसाळ्यांत आपल्या रेडीच्या समुद्रावरही मोठमोठ्या लाटा येतात. मग आपल्याला हें कां करतां येऊं नये?" त्याच आठवड्यांत त्यांच्यापैकीं एकाचे वडील आम्हांस बाजारांत भेटले. "मास्तरांनू, झिलाक वायच समजवा. फळी घेवन दर्यात जातलंय म्हणता," असें म्हणून त्यांनीं आपली काळजी आमच्या पदरांत टाकली.

मुलांस "नको" एवढेंच उत्तर देणें सोपें होतें. परंतु ज्या "नको"चें कारण सांगितलेलें नसतें, तें मुलांच्या कानांत फार दिवस टिकत नाहीं. उलट, या मुलांचें धाडस पाहून त्यांची नुसती पाठ थोपटणें हेंही शिक्षकाचें काम नव्हे. म्हणून हा खेळ काय आहे, लाट कशी बनते, कोणत्या मनुष्यास कोणती फळी योग्य, आणि रेडीच्या समुद्रांत काय साधेल व काय साधणार नाहीं, याचा विचार विद्यार्थी व पालक या दोघांपुढें एकाच वेळीं मांडावा असें आम्हीं ठरविलें.

फळीवर उभें राहून वल्ह्यानें पाणी मारीत जाणें व लाट मिळाली कीं तिच्यावर स्वार होऊन किनाऱ्याकडे येणें, या खेळास 'स्टँड-अप पॅडल सर्फिंग' असें म्हणतात. आम्ही त्यास वल्ह्याची लाटस्वारी असें म्हणूं. लाटस्वारीचें माहेर प्रशांत महासागरांतील हवाई बेटें होत. कॅप्टन कुक याच्या शेवटच्या सफरीवर असलेल्या जेम्स किंग नांवाच्या अधिकाऱ्यानें सन १७७९ मध्यें तेथील लोकांच्या या खेळाचें वर्णन लिहून ठेविलें आहे. राजघराण्यांतील पुरुषांच्या 'ओलो' नांवाच्या लाकडी फळ्या पंधरा फुटांहूनही लांब असत; 'अलाया' नांवाच्या फळ्या त्याहून आंखूड व पातळ असत. एकोणिसाव्या शतकांत हा खेळ मागें पडला व विसाव्या शतकाच्या आरंभीं पुन्हां वर आला. त्याचा जगभर प्रसार करण्यांत ड्यूक कहानामोकू या हवाईच्या वीराचा मोठा वांटा आहे. १९१२ सालच्या स्टॉकहोम येथील ऑलिंपिक सामन्यांत शंभर मीटर पोहण्याच्या शर्यतींत हाच पहिला आला होता. पुढें १९३५ सालीं टॉम ब्लेक या अमेरिकन गृहस्थानें फळीच्या तळाशीं, मागच्या बाजूस, माशाच्या परासारखें एक पातें बसवून पाहिलें. त्यामुळें फळी बाजूस घसरेनाशी झाली. या पात्यास 'फिन' म्हणतात.

होनोलुलूच्या वायकीकी किनाऱ्यावर लाटस्वारी शिकविणारे कांहीं शिक्षक मोठ्या फळीवर उभे राहून वल्हें मारीत असत. उभ्या मनुष्यास दुरून येणारी लाट आधीं दिसते आणि आपल्या शिष्यांवरही नजर ठेवितां येते, हें त्याचें कारण. सन २००० नंतरच्या वर्षांत लेअर्ड हॅमिल्टन, डेव्ह कलामा इत्यादि हवाईतील लाटस्वारांनीं ही जुनी पद्धति पुन्हां उचलली व मोठ्या लाटांवरही वल्हें घेऊन जातां येतें असें दाखविलें. आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघानें २०१२ सालीं पेरू देशांत या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा भरविली. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुल्की व मंगळूर या बाजूस हा खेळ चांगला रुजला असून, २०२४ सालच्या मार्च महिन्यांत मंगळूरजवळ ससिहित्लू येथें वल्ह्याच्या फळ्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. गोव्यांत मोरजी व आश्वे येथें, म्हणजे रेडीहून तेरेखोल ओलांडल्यावर फार दूर नव्हे अशा किनाऱ्यांवर, उघाडीच्या दिवसांत हा खेळ शिकवितात. तेव्हां मुलांनीं आणलेलें चित्र परक्या देशाचें असलें तरी तो खेळ आपल्या दारापर्यंत येऊन पोहोंचला आहे, हें पालकांनींही लक्षांत घ्यावें.

आतां लाटेकडे वळूं. लाट म्हणजे पाण्याचा प्रवास नव्हे, तो हालचालीचा प्रवास होय. समुद्रांत तरंगणारें नारळाचें सोडण पाहिलें म्हणजे हें समजतें. लाट आली कीं सोडण वर चढतें, किंचित् पुढें सरकतें, पुन्हां खालीं व मागें येतें. लाट निघून जाते, सोडण जवळजवळ तेथेंच राहतें. एका लाटेचा माथा गेल्यापासून दुसऱ्या लाटेचा माथा येईपर्यंत जो काळ जातो त्यास आवर्तकाल म्हणतात. खोल समुद्रांत हा काळ जितके सेकंद असेल त्याच्या सुमारें दीडपट मीटर अंतर लाट दर सेकंदास कापते. सहा सेकंदांची लाट सेकंदास सुमारें ९ मीटर चालते व तिची लांबी सुमारें ५६ मीटर असते. चौदा सेकंदांची लाट सेकंदास सुमारें २२ मीटर चालते व तिची लांबी ३०० मीटरांच्या घरांत जाते. पहिली जवळच्या वाऱ्यानें उठलेली असते. दुसरी दूरच्या तुफानांतून निघून, अनेक दिवस प्रवास करून आलेली असते. दोघींची उंची सारखी दिसली तरी त्या एका जातीच्या नव्हेत.

किनाऱ्याजवळ पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली कीं लाटेस तळ लागूं लागतो. तिचा वेग मंदावतो, लांबी आंखडते आणि उंची वाढते. शेवटीं तिची उंची पाण्याच्या खोलीच्या सुमारें तीन-चतुर्थांश झाली म्हणजे माथा पुढें कोसळतो व लाट फुटते. या हिशोबानें एक मीटर उंचीची लाट सुमारें सव्वा मीटर पाण्यांत फुटते, तर चार मीटर उंचीची लाट सुमारें पांच मीटर पाण्यांतच, म्हणजे किनाऱ्यापासून पुष्कळ दूर, फुटते. फुटण्याच्या वेळीं पहिलीचा वेग ताशीं सुमारें १३ किलोमीटर व दुसरीचा ताशीं सुमारें २५ किलोमीटर असतो. उंची चौपट झाली तर वेग दुप्पट होतो. परंतु लाटेंतील शक्ति उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें ती सोळापट होते. एक घनमीटर समुद्राच्या पाण्याचें वजन सुमारें १०२५ किलो असतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे सोळापट या शब्दाचा अर्थ नीट कळेल.

मग पावसाळ्यांतील रेडीची लाट उंच असूनही स्वारीच्या उपयोगाची कां नाहीं? रेडी हा वेंगुर्लें तालुक्याच्या दक्षिण टोंकाचा गांव. खाडीकांठीं यशवंतगड उभा आहे, आणि दक्षिणेस तेरेखोल नदीच्या मुखावर त्याच नांवाचा किल्ला आहे. जून महिन्यापासून नैर्ऋत्येचा वारा भर समुद्रांतून सरळ या किनाऱ्यावर येतो. तो लाटेच्या पाठीवर बसून तिचा माथा वेळेपूर्वींच पुढें ढकलतो. वारा जवळचा असल्यामुळें लाटांचा आवर्तकाल थोडा असतो. एक लाट फुटून फेंस निवतो न निवतो तोंच दुसरी डोक्यावर येते. तळ वाळूचा व सावकाश उतरत जाणारा असल्यानें लाटा एका ठिकाणीं न फुटतां, एकीमागें एक अशा अनेक रांगांत, सबंध किनाऱ्यावर फुटतात. आंत जाण्यास मोकळी वाट नाहीं आणि पडल्यावर बाहेर येण्यासही नाहीं.

ज्या ठिकाणीं मोठ्या लाटांवर स्वारी होते त्यांची रचना निराळी असते. हवाईतील माउई बेटावर पेआही म्हणून जागा आहे. तेथें दूरची, लांब आवर्तकालाची लाट खोल पाण्यांतून येऊन एकाएकीं उथळ खडकावर चढते व ठराविक जागींच फुटते. शेजारचें पाणी खोल असल्यामुळें तेथें ती फुटत नाहीं, आणि तीच स्वारांची ये-जा करण्याची वाट होते. पोर्तुगाल देशांतील नाझारे येथें समुद्रतळावरील एक प्रचंड दरी थेट किनाऱ्यापर्यंत येते व तिच्यामुळें लाटांची शक्ति एका जागीं गोळा होते. तेथें २९ ऑक्टोबर २०२० रोजीं सेबास्टियन श्टॉइडट्नर यानें स्वारी केलेली लाट २६.२१ मीटर, म्हणजे सुमारें ८६ फूट, उंच भरली. पण तो त्या लाटेपर्यंत स्वतःच्या बळावर गेला नव्हता. यंत्रावर चालणाऱ्या जलवाहनानें त्यास ओढून नेलें होतें, आणि अशा स्वारीच्या वेळीं सुटकेसाठीं माणसें तयार असतात. चित्रांत लाट व स्वार एवढेंच दिसतें. त्याच्यामागची वर्षांची तयारी, साथीदार व मोकळी वाट चित्रांत येत नाहीं.

आपले मच्छीमार बांधव हें ज्ञान पुस्तकावांचून बाळगून आहेत. जून व जुलै महिन्यांत यांत्रिक होड्यांची मासेमारी सरकारी नियमानें बंद असते. परंतु असा नियम होण्याच्या पुष्कळ आधींपासून आपल्याकडे पावसाळ्यांत होड्या वर ओढून ठेवून नारळी पौर्णिमेची वाट पाहण्याची चाल आहे. रापणीची होडी पाण्यांत लोटतांना जुने लोक किती शांतपणें उभे राहतात, हें मुलांनीं पाहिलें असेल. लाटा सारख्या येत नाहींत. कांहीं मोठ्या एकामागून एक येतात, मग थोडा वेळ शांत जातो. निरनिराळ्या लांबीच्या लाटा एकत्र चालत असल्यामुळें कधीं त्यांचे माथे एकावर एक पडतात, तर कधीं एकीचा माथा दुसरीच्या खळग्यांत जिरतो. म्हणून असें घडतें. जुना रापणकार तो शांत क्षण हेरतो व मगच हांक देतो. वल्ह्याच्या लाटस्वारीचा पहिला धडा हाच आहे, आणि तो शिकविणारे गुरु आपल्या गांवांतच आहेत.

आतां फळीच्या निवडीकडे येऊं. दुकानांत गेल्यावर रंग व किंमत हीं प्रथम डोळ्यांत भरतात. परंतु पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, कीं ही फळी किती लिटरची आहे? वर्गांत शिकलेला आर्किमिडीजचा नियम येथें कामास येतो. तरंगणारी वस्तु आपल्या वजनाइतकें पाणी दूर सारते. समजा, मुलाचें वजन ५० किलो, फळीचें ९ किलो व वल्ह्याचें १ किलो. एकूण ६० किलो. समुद्राच्या एका लिटर पाण्याचें वजन सुमारें १.०२५ किलो असतें. म्हणून साडेअठ्ठावन लिटर पाणी दूर सारलें गेलें कीं सर्व भार तोलला जातो. फळी बरोबर तेवढ्याच लिटरांची असेल तर ती पाण्याशीं सपाट होईल व किंचित् हलतांच बुडूं लागेल. नवशिक्याची फळी या आंकड्याच्या सुमारें दुप्पट, म्हणजे ११५ ते १२५ लिटर असावी. ६५ किलो वजनाच्या तरुणास १५० लिटर योग्य होय. जे अनेक वर्षें सराव केलेले असतात ते स्वतःच्या वजनाच्या आंकड्याहून थोड्याच अधिक लिटरांच्या फळीवर उभे राहतात, कारण लहान फळी लाटेवर लवकर वळते. पण ती त्यांची कमाई आहे, आरंभ नव्हे. पावसाळ्यांत खाडीचें पाणी गोडें होतें तेव्हां तीच फळी किंचित् अधिक बुडते, ही गंमतही मुलांनीं हिशोबानें ताडून पाहावी.

दुसरा प्रश्न रुंदीचा. फळी आडवी कलंडण्यास जो विरोध करते तो तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. लांबी व भार तेच ठेवून २८ इंचांऐवजीं ३२ इंच रुंद फळी घेतली, तर हा विरोध सुमारें दीडपट होतो. चार इंच म्हणजे काय, असें दुकानांत वाटतें. पाण्यांत त्या चार इंचांवर सर्व दिवस अवलंबून असतो. नवशिक्यानें ३० ते ३३ इंच रुंदीची फळी घ्यावी.

तिसरा प्रश्न लांबीचा. लांब फळी सरळ व वेगानें जाते, आंखूड फळी चटकन् वळते. शिकणारास दहा ते अकरा फूट लांबी ठीक. लहान व मध्यम लाटांवर खेळणारे सरावलेले स्वार आठ-नऊ फुटांची घेतात. येथें एक गोष्ट पुष्कळांस उलटी वाटते. लाट जसजशी मोठी होते, तसतशी फळी पुन्हां लांब होत जाते. कारण वेग. मोठी लाट ताशीं वीस-पंचवीस किलोमीटर वेगानें येत असतां आपला वेग फारच कमी असला तर ती आपणांस न घेतां खालून निघून जाते, अथवा माथ्यासह उचलून फेंकून देते. म्हणून मोठ्या लाटेची फळी नऊ-दहा फूट किंवा त्याहून लांब, परंतु अरुंद, दोन्ही टोंकांस निमुळती अशी असते. अशा घडणीस 'गन' असें नांव आहे. तिचें पुढचें टोंक होडीच्या नाळेसारखें वर उचललेलें असतें, नाहींतर तीव्र उतारावरून खालीं येतांना तें पाण्यांत रुतेल व स्वार पुढें फेंकला जाईल. मागचें टोंक निमुळतें असल्यामुळें तें वेगांतही पाण्यास धरून राहतें. तिच्या कडा पातळ असतात व तळाशीं बहुधा तीन किंवा चार फिन असतात. या सर्व गुणांमुळें ती वेगांत विश्वासू, परंतु शांत पाण्यांत मात्र डळमळीत असते. म्हणजे चित्रांतील फळी तीच घ्यावी असें ज्यास वाटतें, तो नेमकी स्वतःस अयोग्य अशी फळी निवडीत असतो.

घडणीचे प्रकार मुख्यतः दोन. एकांत हलक्या फेसाच्या गाभ्यावर कांचेच्या धाग्यांचें कापड व राळ चढवितात. दुसरी हवा भरून फुगविण्याची. फुगविण्याच्या फळीच्या आंत वरच्या व खालच्या थरांस जोडणारे हजारों धागे असतात, म्हणून ती फुग्यासारखी गोल न होतां सपाट व कठीण राहते. ती घडी करून नेतां येते, आणि अंगावर आदळली तर इजा कमी होते. शाळेस व खाडीस हीच बरी. लाटेवर मात्र पातळ कडांची कठीण फळी अधिक चांगली धरते.

वल्हें निवडतांनाही उंची पाहावी. शांत पाण्यासाठीं तें आपल्या उंचीहून आठ-दहा इंच अधिक असावें. लाटेवर गुडघे वांकवावे लागतात, म्हणून तेथें चार-सहा इंच अधिक पुरें. वल्ह्याचें पातें दांड्याशीं किंचित् कोन करून असतें. पुष्कळ नवशिके तें उलटें धरतात. पात्याचा कल पुढें, फळीच्या टोंकाकडे असावा.

फळी व स्वार यांस बांधणारी दोरी हें तिसरें साधन. लाटांत ती पायास बांधतात व फळीच्या लांबीइतकी ठेवितात. पण जेथें प्रवाह आहे व जाळीं, खुंट, नांगरदोर आहेत, अशा खाडींत पायास बांधलेली दोरी अडकली तर पाण्याच्या जोरापुढें वांकून ती सोडतां येत नाहीं. म्हणून तेथें कमरेच्या पट्ट्यास बांधलेली, एका झटक्यानें सुटणारी दोरीच वापरावी. दोरी मुळींच न बांधणें हें मात्र कोठेंही क्षम्य नाहीं.

हें शेवटचें वाक्य आम्ही अनुभवानें लिहितों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं एक वापरलेली फळी विकत घेतली. ती साडेआठ फूट लांब, २८ इंच रुंद व ९५ लिटरची होती. आमचें वजन त्या वेळीं ७८ किलो. वर दिलेला हिशोब आम्हीं तेव्हां केला असता, तर फळी व वल्हें धरून ८५ लिटर केवळ आम्हांस तरंगत ठेवण्यांतच खर्च होतात व हातीं दहाच लिटर उरतात, हें कळलें असतें. जानेवारीची सकाळ होती, समुद्र निजल्यासारखा दिसत होता, म्हणून दोरीही बांधली नाहीं. तेरेखोलच्या मुखाशीं ओहोटीचें पाणी बाहेर धांवत होतें, आणि बाहेरून येणाऱ्या लहानशा लाटा त्या प्रवाहावर अडून ताठ उभ्या राहात होत्या. चार वेळां पडलों व चढलों. पांचव्या वेळीं पडलों तेव्हां फळी प्रवाहाबरोबर निघून गेली. आम्ही किनाऱ्याकडे पोहूं लागलों. हात चालत होते, पण किल्ल्याची तटबंदी मागेंच सरकत होती. इतक्यांत जाळीं काढून परतणाऱ्या एका वृद्ध मच्छीमारानें आपली होडी आमच्याकडे वळविली. आम्हांस वर घेतल्यावर तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. किनारा जवळ आला तेव्हां एवढेंच म्हणाला, "मास्तरांनू, दर्याक घाय नाय. घाय आसा ती तुमका."

त्या दिवसापासून मुलांस पाण्याविषयीं कांहीं सांगावयाचें झालें म्हणजे आम्हांस प्रथम आपलीच लाज आठवते. ती फळी आम्हीं टाकली, आणि पुढें ३२ इंच रुंदीच्या मोठ्या फळीवर, भरतीच्या वेळीं, मुखापासून आंत, प्रारंभापासून पुन्हां शिकलों. प्रथम गुडघ्यांवर बसून वल्हवणें. मग फळीच्या मध्यावर, पाय खांद्यांइतके दूर ठेवून उभें राहणें. नजर पायांकडे नव्हे, तर समोर क्षितिजाकडे ठेवणें. लाट समोरून आली कीं एक पाय मागें घ्यावा, फळी लाटेस काटकोनांत ठेवावी आणि वल्हें न थांबवितां मारावें. पाण्यांत रोंवलेलें वल्हें हाच तिसरा पाय होय. पडावयाचें तर पसरट, फळीपासून दूर पडावें. डोक्यावर कधीं पडूं नये, कारण खालीं पाणी किती आहे हें दिसत नाहीं. पडल्यावर फळी आपण व लाट यांच्यामध्यें येऊं देऊं नये. दोघे एकाच लाटेवर निघाले तर लाट जेथें प्रथम फुटते त्याच्या जवळ जो असेल त्याचा हक्क. आणि वल्ह्यामुळें आपणांस लाट लवकर मिळते म्हणून सगळ्याच आपण घेऊं नयेत, ही सभ्यता.

वारा व ओढ या दोन गोष्टी विशेष सांगण्याजोग्या आहेत. हिवाळ्यांत सकाळीं मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात. त्यांनीं लाटेचा चेहरा गुळगुळीत होतो व खेळ सुंदर होतो. पण उभें शरीर हें शिडासारखें असतें, आणि तोच वारा नवशिक्यास नकळत बाहेर नेतो. वारा वाढला कीं लगेच बसावें, प्रसंगीं फळीवर पालथें पडून हातांनीं पाणी मारावें. ओढीचें पाणी म्हणजे फुटलेल्या लाटांचें पाणी अरुंद वाटेनें परत समुद्रांत जातें तें. लाटा फुटत असतांना मधलाच एखादा पट्टा शांत व गढूळ दिसला तर तो सुरक्षित समजूं नये. बहुधा तीच ओढ असते. तींत सांपडल्यास किनाऱ्याकडे सरळ झगडूं नये. किनाऱ्याशीं समांतर जाऊन तिच्याबाहेर पडावें, आणि फळी कधींही सोडूं नये. कोणतीही नाव नसली तरी फळी हीच आपली नाव आहे. कधीं कधीं आकाश निरभ्र असतांना दक्षिणेच्या दूरच्या महासागरांतून निघालेल्या लांब लाटा अवचित किनाऱ्यावर येतात. त्यांची पूर्वसूचना हैदराबाद येथील भारतीय महासागर माहिती सेवा केंद्र देत असतें. ती वाचल्यावांचून पाण्यांत पाय घालूं नये.

आतां आमच्या चार विद्यार्थ्यांस उत्तर. पावसाळ्यांतील रेडीच्या लाटेवर स्वारी करावयाची नाहीं. याचें कारण तुमचें धैर्य थोडें आहे हें नव्हे. त्या लाटेस वाट नाहीं, विसावा नाहीं व सुटका नाहीं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत, ज्यास न थांबतां दोनशें मीटर पोहतां येतें, ज्यानें तरंगण्याचें जाकीट घातलें आहे व ज्याच्या घरून संमति आहे, त्यानें प्रथम खाडीच्या शांत पाण्यांत व मग गुडघाभर लाटेंत शिकावें. जो गुडघाभर लाटेवर शंभर वेळां नीट उभा राहिला, तोच कमरेएवढ्या लाटेविषयीं विचारण्याचा अधिकारी. मोठी लाट जगांत कोठें जाणार नाहीं. ती तुमच्यासाठीं वाट पाहील.

पालकांसही दोन शब्द. समुद्राकांठच्या मुलास समुद्रापासून कायमचें दूर ठेवतां येत नाहीं. तें तुमच्या देखत शिकलें नाहीं, तर तुमच्या नकळत शिकूं पाहील, आणि खरा धोका तेथेंच आहे. हा लेख छापण्यास देण्यापूर्वीं आम्हीं बाजारांत भेटलेल्या त्या वडिलांस वाचून दाखविला. ते स्वतः रापणीवर वाढलेले गृहस्थ. ओहोटीचा व ओढीचा भाग त्यांनीं पुन्हां एकदां वाचावयास लावला, दोन ठिकाणीं मान हालविली, आणि बराच विचार करून म्हणाले, "शिकूक हरकत नाय. पण पयल्या दिसा होडी माझी आसतली, आणि तिच्यात मी आसतलंय."

याहून चांगली व्यवस्था आम्हांस सुचली नसती. मुलगा फळीवर, बाप होडींत, आणि दोघांची नजर एकाच लाटेवर, असा दिवस येत्या हिवाळ्यांत रेडीच्या खाडींत उगवावा, अशी आमची इच्छा आहे.